सोडून दिलेल्या आया

अमावास्येला सहा दिवस उरले होते आणि रेकोनाच्या तोंडावर एकही पझारा मासा फिरकला नव्हता. जोथाम उजाडल्यापासून किनाऱ्यावर होडीला टेकून बसला होता. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत तो पुन्हा पुन्हा दिवस मोजत होता. मोजण्यात चूक नव्हती. चंद्राच्या बाबतीत हा माणूस साठ वर्षांत कधी चुकला नव्हता, आणि चुकला असता तर त्याला आज बरं वाटलं असतं.

रेकोनाचं तोंड म्हणजे बाहेरच्या प्रवाळाच्या भिंतीला पडलेली फट. भरतीला समुद्र तिथून खाडीत शिरतो, ओहोटीला बाहेर पडतो. वर्षातून तीन अमावास्यांना कुठून कुठून पझारे त्या फटीत अंडी सोडायला जमायचे, इतके की तळ दिसायचा नाही. त्या तोंडाची राखण जोथामच्या घराकडे होती. त्याच्या बापाकडे होती, आज्याकडेही होती. त्याने होय म्हटल्याशिवाय तिथे गळ पडत नसे.

आता ते तोंड लाकूडवाल्यांना हवं होतं. डोंगरावरचं जंगल कापून झालं की ओंडके न्यायला तराफे आत यायला हवेत, आणि त्यासाठी सुरुंग लावून फट रुंद करायची. अर्धं गाव तयार होतं. पत्र्याचं छप्पर, होडीला इंजिन, मुलांना शहरातली शाळा, कोणाला नको असतं? गावचा मुखिया एलाम मात्र जुन्या वळणाचा. त्याने रविवारी सभेत निकाल दिला होता.

"जोथाम, मासं येत्यात तवर तोंड तुझं. पण दोन वर्सं झाली, देवळाच्या पायरीवर मासा न्हाई. शुक्रवारी सकाळी आमी होड्या घिऊन येतो. हंगामाचा पयला पझारा पाण्याबाहेर काढून दाखव. न्हाई दाखवलास, तर लाकूडवाल्यांच्या कागदावर आंगठं उठवू. मग मला बोल लावू नगंस."

"दाखवतो," जोथाम म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार होता?

पाण्यात उतरणारी मात्र त्याची मुलगी होती. जोथामच्या कानांचे पडदे बुड्या मारून मारून कधीच फाटले होते. मुलगा दूर राजधानीत, होनियाराला कामाला गेला तो तिकडचाच झाला. राहिली केझिया, बत्तिशीची, बिनलग्नाची, रुंद खांद्यांची. या खाडीत बायका गळ टाकतात, ओहोटीला शिंपले वेचतात. भाला घेऊन बुडी मारणं हे पुरुषांचं काम. केझियाने ते धरलं तेव्हा गावातल्या बाया तोंडावर हात ठेवून हसल्या होत्या. तिची आत्या तिर्झा तेवढी हसली नाही.

"घरात बाप्या उरला न्हाई की बाईलाच बाप्या व्हावं लागतंय," ती म्हणाली होती. "हसायचं काय त्यात?"

मंगळवारी केझिया सात वेळा खाली गेली. बुधवारी अकरा वेळा. पाच वाव खोल जाऊन प्रवाळाच्या कडेला धरून राहायचं, छाती फुटायला आली की वर यायचं. बुडीचा जुना चष्मा गळत होता. त्याच्या रबराने नाकाचं हाड सोललं होतं आणि त्यावर खारं पाणी चरचरत होतं. डोंगरावर कापाकापी सुरू झाल्यापासून पावसाचा गढूळ लोट खाडीत यायचा, त्यामुळे खालचं सगळं धुरकट दिसत होतं. पोपटमासे दिसले, एक शार्क दिसला. पझारा नाही. होडीत बसलेला जोथाम ती वर आली की नुसता तिच्या तोंडाकडे बघायचा. ती मान हलवायची. मग तो तिला केळीच्या पानातला कसाव्याचा गार कंद पुढे करायचा.

बुधवारी परतताना चुलतभाऊ ओबेद आडवा आला. लाकूडवाल्यांनी दिलेलं नवं इंजिन त्याने मुद्दाम बंद केलं आणि होडी शेजारी तरंगत ठेवली.

"काय काका, आलं का पाव्हणं?"

"येत्याल."

"पाण्यात बाई उतरल्यावर कसं यायचं वो मासं? लाजून पळालं आसत्याल!"

त्याच्यासोबतचे दोघे खिदळले. जोथामला बहुतेक नीट ऐकू आलं नसावं. तो आपला वल्हं मारत राहिला. केझियाला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला.

"तू उतर की मग," ती म्हणाली. "त्या इंजिनाचा वास लागून तरी मासा मरंल."

गुरुवारी सकाळी पझारे आले.

पहिल्याच बुडीत तिला ते दिसले. फटीच्या आतल्या कडेला, जिथे तिच्या लहानपणीही ते जमायचे, तिथेच. तपकिरी अंगावर बारीक निळे ठिपके, हातभर लांबीचे. ती वर आली आणि होडीची कड धरून ओरडली, "बा! आल्यात! आल्यात रं बा!" जोथामने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्याने तिथेच डोळे मिटून देवाचे आभार मानले.

दुसऱ्या बुडीत तिने मोजायला घेतले. तिसऱ्या बुडीत तिचं मन खट्टू झालं.

चाळीसएक होते. सगळ्यांची पोटं फुगलेली, अंड्यांच्या गाभोळीने तट्ट. सगळ्या माद्या. त्या तळाशी थव्याने पडून होत्या, कल्ले हलवत, वाट बघत. पूर्वी इथे नरांची मारामारी चालायची. एकेक जण आपला दगड धरून बसायचा, दुसरा आला की तोंडाला तोंड भिडवायचा. ते ओरखडे, ती झटापट, काहीच नव्हतं. शेवटी फटीच्या अगदी टोकाला तिला एक दिसला. मोठा, हाताहूनही लांब, अंगावर फिकट पट्टे चढलेले. तो एका मादीजवळून दुसरीजवळ जात होता, अंग घासत होता, परत आपल्या दगडाशी येत होता. तिने उरलेल्या सकाळभर दुसरा शोधला. नव्हता.

हे असं का, ते केझियाला माहीत होतं. तेच तिचं दुखणं होतं.

वीस वर्षांपूर्वी गिझो बंदराहून मासे विकत घेणारी बर्फाची बोट यायला लागली. त्यांना पझारा हवा होता, जितका मोठा तितका बरा. सारं गाव तुटून पडलं असतं, पण जोथाम आडवा पडला. म्हणाला, मासा द्यायचा, पण आई द्यायची नाही. धरलेल्या प्रत्येक माशाचं पोट अंगठ्याने शेपटीकडे दाबायचं. पिवळी गाभोळी दिसली की मासा परत पाण्यात. देवळात पाळक त्यावर बोलले होते. जोथामला पुढे बोलावून उभं केलं होतं, आणि आजूबाजूच्या तीन गावांनी तोच नियम घेतला होता. तेव्हापासून हंगामाचा पहिला मासा देवळाच्या पायरीवर ठेवायचा आणि मुखियाने सर्वांसमक्ष त्याचं पोट दाबायचं, अशी रीतच पडली. जोथामच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढं एकच होतं.

पोट दाबायचं काम बारा वर्षांच्या केझियाकडे होतं, कारण तिची बोटं बारीक होती. लहान मासे पिवळं सोडायचे. ते ती हळूच पाण्यात ठेवायची आणि "जा गं बाई" म्हणायची. मोठ्यांतून पांढरं चिकट पाणी यायचं. ते बर्फात. वर्षानुवर्षं लहान ते पिवळे, मोठे ते पांढरे. आपल्याला कधी मोठी आई का दिसत नाही, हे तिच्या मनात यायचं. पण पोरीला कोण विचारतंय?

गेल्या वर्षी मासेखात्याची एक बाई येऊन आत्याकडे तीन दिवस राहिली. मोठी चौकस बाई, कसाव्याची खीर चाटूनपुसून खाणारी. जाताना ती केझियाला म्हणाली होती की हे मासे जन्मतात ते सगळे मादी म्हणूनच. वर्षानुवर्षं अंडी घालतात, आणि त्यातल्या ज्या जगून वाचून सगळ्यात मोठ्या होतात, त्यांचाच पुढे नर होतो. केझियाने ऐकलं आणि तिला एकदम गुरासारखं वाटलं, मुकं. वीस वर्षं तिच्या दोन अंगठ्यांनी एकेक बाप निवडून बर्फात टाकला होता.

त्या संध्याकाळी तिने बापाला सांगून बघितलं होतं. जोथाम पोट धरून हसला होता. "बाईचा कदी बाप्या हुतोय व्हय गं? त्या पोरीला शहरात कुणी चिडवलं आसंल!" तिने पुन्हा विषय काढला नाही. एकदा वाटलं, हसतोय तेच बरं आहे. समजलं तर काय करेल?

गुरुवारी दुपारी ती आत्याच्या परड्यात गेली. तिर्झा रताळी खणत होती. मातीने तिचे हात कोपरापर्यंत भरले होते.

"आत्या, पपईची नर झाडं तू का गं तोडत न्हाईस? फळ तर धरत न्हाईत."

"एक ठेवावं लागतंय," आत्या म्हणाली. "तुज्या बानं एकदा सगळी तोडली. म्हनला, आयतखाऊ मेलं. फुडच्या साली माद्या नुसत्या फुलल्या, फुलं गळली. धाला एक तरी लागतो बाप्या, दिसायला फुकटचा असला तरी."

"तोंडावर चाळीस माद्या हायत. नर एक हाय."

आत्याने कुदळ टेकवली आणि भाचीकडे नीट पाहिलं. ती बाई या घरात राहून गेली होती. तिचं बोलणं आत्यानेही ऐकलं होतं.

"मग उद्या त्याला हात लावू नगंस."

"मग कुनाला लावू? गाभोळीवाली काढली आन् एलाम आज्यानं पायरीवर पोट दाबलं, तर? बाचा नेम बाच्याच घरानं मोडला, म्हनत्याल. ओबेद तर नाचंल."

"रिकामी वर ये."

"मग आंगठं उठत्याल. सुरुंग लागंल."

"माद्यांतली एखादी हुईल की नर. ती बाई म्हनलीच की."

"हुईल. पन त्याला दोन-तीन म्हयनं लागत्यात, आत्या. आन् ह्या रविवारी जात्याल."

आत्या परत मातीत वाकली. तिने चार रताळी झाडून केझियाच्या ओच्यात घातली.

जोथाम त्या दुपारी बाहेरच्या खडकांवर गळ टाकून आला. दुसरीकडचा एखादा मोठा पझारा मिळाला तर हाताशी असावा, एवढंच. दोन तांबोशी मिळाल्या. तरी तो खूश होता. चुलीपाशी बसून तो भाल्याचं टोक दगडावर घासत होता, भाला सोडायचं रबर ताणून बघत होता.

"उद्या सगळ्यात मोठा बघून मार," तो म्हणाला. "पट्ट्यावाला. पोट रिकामं आसंल त्याचं."

"बा, तो येकलाच हाय."

"आँ?"

"येकलाच हाय तो!" ती ओरडली. "नर. दुसरा न्हाई."

"येकला कसा आसंल? मागनं येत्याल बाकीचं. आया आल्यात न्हवं? आया आल्या की समदं येतं." त्याने भाला बाजूला ठेवला. "लोक काय काय बोललं मला, केझी. राखण येत न्हाई म्हनलं. मी येकच केलं जल्मात, पोटुशीला हात लावू दिला न्हाई. म्हनून तर आल्या त्या. आल्या का न्हाई?"

केझियाच्या जिभेवर सगळं होतं. तूच संपवलंस बा, आपण दोघांनी मिळून संपवलं, एवढंच बोलायचं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी त्याचे खांदे सरळ झाले होते.

"आल्या," ती म्हणाली, आणि रताळी चुलीत सरकवायला लागली.

शुक्रवारी सकाळी नऊ होड्या रेकोनाच्या तोंडाशी जमल्या. एलाम म्हातारा छत्री धरून मधल्या होडीत बसला होता. ओबेद कागद घेऊनच आला होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि भरती नुकती थांबली होती.

"पोरगी म्हनतीया मासं हायत," ओबेद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमालाबी दिसू द्या. का तिच्याच डोळ्यांनी गाव चालवायचं?"

"गप रं," एलाम म्हणाला. "उतर, पोरी."

केझियाने चष्म्यात थुंकून काच पुसली, भाला घेतला आणि खाली गेली.

माद्या कालच्याच जागी होत्या, थोड्या आणखी आलेल्या. त्या हलल्या नाहीत. अंडी सोडायच्या दिवसांत पझारा घाबरत नाही, म्हणून तर तो इतका सहज मरतो. तिने एका जाड मादीवर भाला रोखला. पोट इतकं ताणलेलं की कातडीखालचं पिवळं जणू दिसत होतं. देवळाची पायरी, एलामचा अंगठा, बापाचा चेहरा. तिने भाला खाली केला आणि दम संपला म्हणून वर आली.

"काय झालं?" जोथाम वाकून विचारत होता. नऊ होड्यांतले डोळे तिच्यावर होते.

"काय न्हाई. दम घिते."

"बगा, बगा," ओबेदचा आवाज आला. "मासं लाजल्यात!"

कोणीतरी हसलं. जोथामला ऐकू आलं नाही, पण हसणाऱ्यांची तोंडं त्याला दिसली. तो कसनुसा हसला, आपल्यावरच विनोद झाला असेल तर आपणही हसावं तसा. ते हसू केझियाला बघवलं नाही.

ती परत खाली गेली. नर आपल्या दगडाशी होता. ती जवळ आली तसा तो पळाला नाही. उलट पुढे आला, कल्ले फुगवून, तिला हुसकावायला. त्याला ती दुसरा नर वाटली असावी. तिने रबर सोडलं. भाला डोक्यामागे बसला आणि काठीला हिसके बसायला लागले. ते हिसके थांबायच्या आत ती वर आली होती.

मासा होडीत पडला तेव्हा सगळ्या होड्यांतून आरोळी उठली. एलामने छत्री उंच केली. जोथाम रडत होता आणि ते लपवतही नव्हता. ओबेदने कागदाची पिशवी पायाखाली सरकवली आणि तोंड फिरवलं. शेजारच्या होडीतल्या बाया, ज्या एकदा तिला हसल्या होत्या, त्या "केझिया, केझिया" म्हणून वल्ह्यांनी होडीची कड बडवायला लागल्या. ती कड धरून पाण्यातच राहिली. नाकाचं सोललेलं हाड झोंबत होतं आणि त्या निमित्ताने डोळ्यांतून पाणी येत होतं ते बरंच होतं.

देवळाच्या पायरीवर एलामने स्वतः पोट दाबलं. पांढरं आलं. "आई न्हाई," तो मोठ्याने म्हणाला, आणि सर्वांनी आमेन म्हटलं. मग त्याने जाहीर केलं, मासे आले आहेत, तोंड जोथामच्या घराचं. लाकूडवाल्यांना यंदा नाही म्हणून कळवा, पुढच्या सालीही असाच मासा पायरीवर दिसला की तेव्हाही नाही. सूर्य मावळला की शनिवारचा शब्बाथ लागणार, त्याआधी चुलीची सगळी कामं उरकायची होती, त्यामुळे लगेच पांगापांग झाली. मासा साफ करायला केझियाकडेच आला. तिने पोट चिरलं. आतलं पांढरं तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. एवढं होतं की चाळीसजणींना पुरलं असतं. तिने ते खाऱ्या पाण्याने धुतलं. मासा नारळाच्या दुधात शिजला आणि रीतीप्रमाणे घरटी एकेक घास गेला. तिच्या वाटचा तिने आत्याला दिला. आत्यानेही तो खाल्ला नाही, तसाच पानात झाकून ठेवला.

शनिवारी कोणी पाण्यात उतरत नाही. देवळात पाळकांनी जोथामला पुन्हा एकदा पुढे बोलावलं.

रविवारी, अमावास्येला, सकाळी जोथाम होडी घेऊन आपणहून तयार होता. अंडी सोडताना पाणी ढवळून पांढुरकं होतं, ते त्याला वरूनच बघायचं होतं. ओहोटी लागली. पाणी फटीतून बाहेर ओढलं जायला लागलं. केझिया खाली गेली.

माद्या सगळ्या होत्या. पाण्याच्या ओढीबरोबर त्यांच्यात हालचाल झाली. दोन-तीन वर उसळल्या, पोटं वळवळली, मग काहीच न करता खाली बसल्या. एक मादी फटीच्या टोकाशी त्या रिकाम्या दगडाजवळ गेली, तिथे थांबली, परत आली. केझिया दम टिकेल तितका वेळ बघत राहिली, वर आली, पुन्हा गेली. पाणी शेवटपर्यंत पांढुरकं झालंच नाही. दुपारी ओहोटी संपली तेव्हा थवा विस्कटला आणि एकेक करून माद्या फटीतून बाहेरच्या काळ्या पाण्यात गेल्या, पोटं तशीच भरलेली. त्यांच्या मागे तिला जाता येण्यासारखं नव्हतं.

ती वर आली. जोथामने हात दिला आणि तिला होडीत ओढून घेतलं. त्याने वरून पाणी पाहिलं होतं. काही पांढुरकं दिसलं नव्हतं, पण त्याची नजर आता चांगली नव्हती, आणि ते त्यालाही माहीत होतं.

"गेल्या?" त्याने विचारलं.

"गेल्या."

"समद्या?"

"समद्या, बा."

"कुणी येकीला तरी हात लावला का गं?"

"न्हाई," केझिया म्हणाली. "येकीलाबी न्हाई."

"मग झालं तर," जोथाम म्हणाला, आणि वल्हं उचलून त्याने होडी घराकडे वळवली.